ऊस हंगामातला चौक: मोजणीपासून सिग्नलच्या सेकंदांपर्यंत

सांगली-मिरज रस्त्यावरचा एकच चौक जुलैत मोजला आणि डिसेंबरात मोजला, तर हाती दोन वेगळे चौक येतात. जुलैत शाळेच्या बस, दुचाकी, रिक्षा आणि एसटी. डिसेंबरात हे सगळे असतेच, वर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर, ट्रक आणि क्वचित बैलगाड्या. जुलैच्या आकड्यांवर बसवलेला सिग्नल दिवाळीनंतर कोलमडतो आणि मग तिथे हवालदाराला हाताने वाहतूक सोडवावी लागते. म्हणून चौकाचे काम हातात घेताना पहिला निर्णय मोजणीच्या तारखेचा घ्यायचा. सॉफ्टवेअर खूप नंतर येते.

पुढची रीत चार रस्त्यांच्या एका चौकासाठी आहे. उदाहरणातले वाहनांचे आकडे गणित समजावे म्हणून धरलेले आहेत, कुठल्या ठराविक चौकाचे नाहीत.

तारीख आणि वार

दोन मोजण्या करा. एक गळीत हंगाम भरात असताना, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. दुसरी हंगामाबाहेर, पण शाळा-कॉलेज सुरू असताना. मे महिन्यातली मोजणी कशालाच उपयोगी पडत नाही. शाळा बंद, लग्नांची गर्दी आणि दुपारी रस्ता ओस.

पुस्तकी नियमाप्रमाणे मंगळवार, बुधवार, गुरुवार हे साधे वार. पण सांगलीत गणपती पेठेच्या बाजूचा चौक असेल तर मंगळवार साधा वार नसतो, आणि संकष्टी तर टाळायलाच हवी. आठवडी बाजाराचा दिवसही वगळा. मात्र बाजारामुळेच चौक तुंबतो अशी तक्रार असेल तर त्या दिवसाची मोजणी वेगळी करा आणि वेगळीच ठेवा, सरासरीत मिसळू नका. पावसाळ्यात सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघा. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. कृष्णा ४० च्या जवळ आली की नदीकाठची माणसे, जनावरे, सामान हलू लागते. त्या आठवड्याचे आकडे नेहमीच्या वाहतुकीचे नसतात.

मोजणीची मांडणी

चार रस्त्यांच्या चौकात बारा हालचाली असतात: प्रत्येक रस्त्यावरून डावीकडे, सरळ आणि उजवीकडे. यू-टर्न धरले तर सोळा. सकाळी ८ ते ११:३० आणि संध्याकाळी ५ ते ८:३० एवढे किमान मोजावे. एक दिवस तरी सकाळी ६ ते रात्री १० सलग मोजावा, कारण उसाच्या गाड्यांची गर्दी बाकीच्या वाहतुकीच्या वेळेला येईलच असे नाही. नोंद दर १५ मिनिटांची असते. सिग्नलचे काम असेल तर दर ५ मिनिटांची करा.

हाताने मोजायचे असेल तर प्रत्येक रस्त्याला निदान दोन माणसे लागतात. एकाने फक्त दुचाकी टिपायच्या, दुसऱ्याने बाकी सगळे. आपल्याकडे निम्म्याहून जास्त वाहने दुचाकी असतात, आणि एकाच माणसाला सगळे दिले की गर्दीत आधी दुचाकीच सुटतात. दर दोन तासांनी माणूस बदला.

शक्य असेल तर व्हिडिओ घ्या. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीवरून, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून चौक चांगला दिसतो. खालून घेतलेल्या चित्रीकरणात एसटी उभी राहिली की तिच्यामागच्या पाच दुचाकी गायब होतात. वाहतूक पोलीस आणि महापालिका यांची लेखी परवानगी आधी घ्या. संध्याकाळच्या कॅमेऱ्याचे तोंड पश्चिमेला नको. उन्हामुळे तासभर काही दिसत नाही.

वर्गवारीचा तक्ता छापताना दुचाकी, रिक्षा, मोटार, छोटा टेम्पो, ट्रक, बस, एक ट्रॉलीचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, बैलगाडी, सायकल असे रकाने ठेवा. वडापच्या, म्हणजे शेअर प्रवासी भरणाऱ्या खासगी गाड्यांना स्वतंत्र रकाना द्या. आकाराने ती मोटारच, पण चौकाच्या तोंडावर ती थांबते, प्रवासी भरते, पुन्हा थोडी सरकते. चौकाला तिचा त्रास मोटारीच्या कितीतरी पट असतो आणि मोटारींच्या रकान्यात तो दिसत नाही.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त थांबा-रेषेवर मोजणे. रेषा ओलांडून गेलेली वाहने म्हणजे चौकाने सोडलेली वाहने. चौकात यायला निघालेली वाहने त्यापेक्षा जास्त असू शकतात. रांग वाढत असताना रेषेवरचा आकडा जवळजवळ स्थिर राहतो आणि वाटते की मागणी एवढीच आहे. म्हणून प्रत्येक रस्त्यावर एक माणूस रांगेच्या शेपटाशी ठेवा. दर ५ मिनिटांनी रांग कुठल्या खांबापर्यंत आली ते त्याने लिहायचे, खांबांमधली अंतरे आधी टेपने मोजून ठेवायची. रेषेवरून सुटलेल्यांत रांगेतली वाढ मिळवली की खरी मागणी मिळते.

तासाच्या आकड्याबरोबर गर्दीच्या तासाचा गुणांकही काढा. समजा चार पाव तासांत २६०, ३१०, ३८० आणि ३३० वाहने आली. एकूण १२८०. सगळ्यात भरलेल्या पाव तासाची चौपट १५२०. १२८० भागिले १५२० म्हणजे ०.८४. तासाची सरासरी घेऊन सिग्नल बसवला तर ३८० वाला पाव तास रांग सोडून जातो, आणि ती रांग पुढचा अर्धा तास पुरते.

पीसीयू: कुठला तक्ता, कशासाठी

वेगवेगळी वाहने एका मापात आणायला पीसीयू (पॅसेंजर कार युनिट) वापरतात, मोटार म्हणजे १. शहरी रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०६ (१९९०) मध्ये प्रत्येक वाहनाला दोन आकडे दिले आहेत: वाहतुकीतला त्याचा वाटा ५ टक्के असेल तेव्हाचा, आणि १० टक्के किंवा जास्त असेल तेव्हाचा. दुचाकी ०.५ आणि ०.७५. रिक्षा १.२ आणि २. छोटे मालवाहू १.४ आणि २. ट्रक-बस २.२ आणि ३.७. शेतीचा ट्रॅक्टर ट्रॉलीसह ४ आणि ५. सायकल ०.४ आणि ०.५.

एका बाजूने तासात १४३५ वाहने आली असे धरू: दुचाकी ९००, रिक्षा १५०, मोटारी २२०, टेम्पो ४०, बस-ट्रक ४५, ट्रॅक्टर २०, सायकली ६०. क्रमाने ६७५, ३००, २२०, ५६, ९९, ८० आणि २४ पीसीयू. बेरीज १४५४. रिक्षांचा वाटा १०.५ टक्के आहे, म्हणून गुणांक २ लागला. तोच वाटा ५ टक्क्यांचा धरला असता तर १५० रिक्षांचे ३०० ऐवजी १८० पीसीयू झाले असते. एका वाहनाच्या गुणांकाने १२० पीसीयू इकडचे तिकडे होतात. वाटा ५ आणि १० च्या मधे असेल तर गुणांकही प्रमाणात मधला घ्या, आणि कुठला घेतला ते तक्त्याखाली लिहा. तपासणारा आधी तेच शोधतो.

हा तक्ता चालत्या रस्त्यासाठी आहे. सिग्नलला थांबलेल्या रांगेत दुचाकी मोटारींच्या फटीत शिरून पुढे येतात आणि हिरवा पडताच घोळक्याने सुटतात. तिथे त्यांचा भार कमी असतो. इंडो-एचसीएम (२०१७) ही भारतीय रस्त्यांच्या क्षमतेची पुस्तिका सिग्नलसाठी दुचाकीला ०.४ धरते. पीसीयू एका पुस्तकातले आणि रस्त्याची सोडण्याची क्षमता दुसऱ्या पुस्तकातली, अशी सरमिसळ अहवालांत सर्रास दिसते. दोन्ही एकाच ठिकाणचे घ्या, नाहीतर क्षमता जागेवर मोजा.

जागेवर मोजणे अवघड नाही. हिरवा पडल्यावरची पहिली ४-५ सेकंदे सोडा, मग रांग संपेपर्यंत रेषा ओलांडणारी वाहने आणि सेकंद मोजा. अशा ३० फेऱ्यांची सरासरी घ्या; एका हिरव्यापासून पुढच्या हिरव्यापर्यंत एक फेरी. पुढे चौक तुंबल्यामुळे वाहने अडली असतील तर ती फेरी बाद करा.

रस्त्याची क्षमता ठरवताना पाटीवरच्या नावापेक्षा कडेला काय चालते ते बघा. याच आयआरसी १०६ प्रमाणे दोन पदरी दुहेरी रस्त्यावर मुख्य मार्ग तासाला १५०० पीसीयू घेतो, उपमुख्य १२००, आणि कडेला गाड्या उभ्या राहणारा, दुकानांत ये-जा असणारा रस्ता फक्त ९००. विकास आराखड्यात रस्ता मुख्य असला तरी रसवंती, फळांच्या गाड्या आणि दुकानांसमोर लावलेल्या दुचाकी असतील, तर हिशेब ९०० चाच करायचा. पार्किंग हलवले तर किती फायदा होईल, याचे पहिले उत्तरही या दोन आकड्यांच्या फरकातच असते.

सिग्नलचे गणित

सिग्नलची फेरी किती सेकंदांची ठेवायची ते काढायला आयआरसी ९३ (१९८५) मध्ये वेबस्टरची पद्धत दिली आहे. ५.५ मीटरपेक्षा रुंद येणाऱ्या बाजूची सोडण्याची क्षमता म्हणजे तासाला ५२५ गुणिले रुंदी. ७ मीटरला ३६७५ पीसीयू, ६ मीटरला ३१५०.

समजा मिरजेकडून ११००, सांगलीकडून ९५०, आडव्या रस्त्यांवरून ३८० आणि ३०० पीसीयू येतात. मुख्य बाजू ७ मीटर, आडव्या ६ मीटर. मागणी भागिले क्षमता केले की ०.२९९, ०.२५९, ०.१२१ आणि ०.०९५. एका वेळी ज्यांना हिरवा मिळतो त्यांचा मिळून एक टप्पा. प्रत्येक टप्प्यात ४ सेकंद वाया जातात असे धरा. पूर्ण फेरीचा वेळ काढायचा तो असा: वाया जाणाऱ्या एकूण वेळेची दीडपट अधिक ५, आणि त्याला १ वजा गुणोत्तरांची बेरीज याने भागायचे.

आपल्याकडची आवडती रीत म्हणजे एका वेळी एकच रस्ता सोडणे, म्हणजे चार टप्पे. गुणोत्तरांची बेरीज ०.७७४, वाया १६ सेकंद. २९ भागिले ०.२२६ म्हणजे १२८ सेकंद. आडव्या रस्त्यावरच्या माणसाला दोन मिनिटांहून लांब फेरी. तो थांबत नाही, आणि त्याला दोष देऊन काही होत नाही.

समोरासमोरचे रस्ते एकत्र सोडले, तर दोनच टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यातले मोठे गुणोत्तर तेवढे धरायचे. ०.२९९ अधिक ०.१२१, बेरीज ०.४२, वाया ८, फेरी साधारण २९ सेकंद. कागदावर छान दिसते, पण उजवीकडे वळणारे समोरच्या प्रवाहात अडकतात आणि चौकाच्या मध्यभागी गाठ बसते.

मधला मार्ग तीन टप्प्यांचा: मुख्य रस्ता सरळ, मुख्य रस्त्याची उजवी वळणे, आणि आडवे रस्ते. मुख्य रस्त्याची येणारी बाजू थांबा-रेषेजवळ ३.५ मीटरने रुंद करून उजवीकडच्यांना स्वतंत्र पट्टा द्यायचा. अशा अरुंद पट्ट्यासाठी ५२५ चा नियम चालत नाही, ३.५ मीटरला १८९० पीसीयू धरतात. मिरजेकडच्या ११०० पैकी १६० उजवीकडे वळत असतील तर त्यांचे गुणोत्तर ०.०८५ आणि उरलेल्या ९४० चे ०.२५६. आडव्याचे ०.१२१ मिळवून बेरीज ०.४६१. वाया १२ सेकंद. २३ भागिले ०.५३९ म्हणजे ४३ सेकंद.

इथे बहुतेक जण थांबतात. पायी चालणारा मात्र अजून हिशेबात आलेलाच नाही. ४३ सेकंदांच्या फेरीत आडव्या रस्त्याला ८ सेकंद हिरवा मिळतो, आणि त्याच वेळात लोकांना मुख्य रस्ता ओलांडायचा असतो. येणारी बाजू १०.५ मीटर, जाणारी ७, मधे अर्ध्या मीटरचा दुभाजक: एकूण १८ मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालीने १५ सेकंद, निघायला ७ सेकंद. २२ सेकंद हवेत. आडव्याला २२ द्यायचे आणि प्रमाण तेच ठेवायचे तर मुख्य सरळ ४७, उजवे वळण १५, आडवा २२ आणि वाया १२, मिळून ९६ सेकंदांची फेरी होते. दुभाजक दीड-दोन मीटर रुंद करून माणसाला मधे उभे राहता आले, तर एका वेळी जास्तीत जास्त १०.५ मीटरच ओलांडायचे. १६ सेकंद पुरतात आणि फेरी ७३ सेकंदांवर येते. दुभाजकाच्या दीड मीटरने २३ सेकंद वाचले. गाड्यांसाठी रस्ता रुंद करताना हाच दीड मीटर आधी कापला जातो, ही गंमत बघा.

ट्रॅक्टरचे काय

पिवळ्यानंतर सगळीकडे लाल ठेवायचा वेळ म्हणजे चौकाची लांबी अधिक वाहनाची लांबी, भागिले वेग. चौक २४ मीटरचा असेल तर ४ मीटरची मोटार ताशी ३० किमीने ३.४ सेकंदांत बाहेर पडते. दोन ट्रॉल्यांसह १५ मीटरचा भरलेला ट्रॅक्टर ताशी १२ किमीने जात असेल तर त्याला ११.७ सेकंद लागतात. प्रत्येक टप्प्यानंतर १२ सेकंद सगळीकडे लाल ठेवता येत नाही. तसे केले तर तीन टप्प्यांत फेरीची ३६ सेकंदे जातील, आणि रिकामा चौक बघून दुचाकीवाले लालमध्येच निघतील.

शिवाय ट्रॅक्टर रांगेत पहिला असला की हिरव्याची पहिली ८-१० सेकंदे त्याचीच. मागच्या सगळ्यांची क्षमता त्याच्या वेगावर येते. हे वेबस्टरच्या सूत्रात दिसत नाही, पीसीयूच्या ४ मध्येही पूर्ण दिसत नाही. आयआरसीचा आकडा ट्रॉलीसह ट्रॅक्टरचा आहे. दोन ट्रॉल्यांसाठी व्हिडिओवरून हिशेब करा: तो रेषा ओलांडताना जेवढे सेकंद घेतो, तेवढ्यात रांगेतल्या किती मोटारी गेल्या असत्या? तो त्याचा तुमच्या चौकातला पीसीयू.

उपाय तीनच. गर्दीच्या दोन वेळांत ट्रॅक्टरना चौकातून प्रवेशबंदी, आणि त्या काळात थांबायला शहराबाहेर जागा. ही जागा आधी दाखवता आली नाही तर बंदी कागदावरच राहते. दुसरा, ट्रॅक्टर येतो त्या बाजूला हंगामापुरता वेगळा सिग्नल आराखडा. तिसरा, चौकात सरळ जाणारा मार्गच त्यांना द्यायचा, उजवे वळण नाही. भरलेल्या दोन ट्रॉल्या वळताना आतल्या बाजूला सरकतात आणि कोपऱ्यावरची दुचाकी चिरडतात. रात्री ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर नसेल तर कुठलाच सिग्नल उपयोगाचा नाही.

सिम्युलेशन

सूत्राने निघालेले सेकंद संगणकावर चालवून बघा. जर्मनीच्या डीएलआर संस्थेचे ‘सुमो’ हे वाहतुकीची नक्कल करणारे सॉफ्टवेअर फुकट आणि मुक्त आहे, एका चौकाला पुरेसे. ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते उतरवता येतात, पण पदरांची संख्या, एकेरी रस्ते आणि वळणबंदी तिथे अनेकदा अर्धवट असते. प्रत्येक रस्ता जागेवरच्या मापाशी ताडून बघा. नकाशा सुमोच्या रूपात बदलताना डावीकडून वाहतुकीचा पर्याय लावायला विसरू नका. दुभाजक असलेल्या रस्त्यांचा एक चौक नकाशात चार छोट्या चौकांसारखा येतो, तो जोडून एक करा. नाहीतर वाहने चौकाच्या पोटात थांबतात.

मूळ सुमोत वाहने एका पदरात एकामागे एक चालतात. आपल्याकडे ते खोटे ठरते. ‘लॅटरल रिझोल्यूशन’ चा पर्याय ०.३ ते ०.८ मीटरच्या दरम्यान ठेवला की एका पदरात दोन-तीन दुचाकी शेजारी उभ्या राहू शकतात. दुचाकीची लांबी-रुंदी साधारण १.८ बाय ०.६ मीटर द्या, बाजूचे किमान अंतर कमी करा. ट्रॅक्टरचा कमाल वेग आणि प्रवेग मोजणीतून घ्या.

दोन सापळे लक्षात ठेवा. सुमोमध्ये एखादे वाहन ३०० सेकंद अडकून राहिले की ते उचलून पुढे टाकले जाते. चौक तुंबला की गाड्या अदृश्य होऊन वाट मोकळी होते, आणि निकाल प्रत्यक्षापेक्षा सुंदर दिसतो. हा पर्याय बंद करा किंवा अशी वाहने किती झाली ते बघा; एकही झाले तर निकाल मानू नका. दुसरा सापळा म्हणजे मॉडेलमधल्या रस्त्यांच्या जाळ्यात शिरायला जागा नसलेली वाहने बाहेर ताटकळतात आणि रांगेच्या लांबीत मोजली जात नाहीत. येणारे रस्ते मॉडेलमध्ये निदान ३००-४०० मीटर लांब काढा.

मॉडेलमधले रस्ते वाहनांनी भरेपर्यंतची पहिली १५ मिनिटे निकालातून सोडा. वेगवेगळ्या बीजांकांनी दहा वेळा चालवा; बीजांक म्हणजे वाहने कशी यादृच्छिक सोडायची ते ठरवणारा सुरुवातीचा आकडा. बीजांक न बदलता दहा वेळा चालवले तर दहाही वेळा तंतोतंत तोच निकाल येतो, आणि काहींना तीच अचूकता वाटते.

मॉडेल जागेशी जुळते का हे जीईएच आकड्याने बघतात: मॉडेल आणि मोजणी यांच्यातल्या फरकाच्या वर्गाची दुप्पट, भागिले दोघांची बेरीज, त्याचे वर्गमूळ. तासाला ४२० मोजले आणि मॉडेलने ३४० दिले तर ४.१. निदान ८५ टक्के हालचालींत ५ च्या खाली हवे. हे तासाच्या आकड्यांनाच लागू आहे, पाव तासाच्या नाही. प्रवाह जुळला तरी रांग जुळतेच असे नसते, म्हणून शेपटावरच्या माणसाची नोंदवही इथे पुन्हा काढा. ट्रॅक्टर स्वतंत्रपणे ताडा. दुचाकींच्या शेकड्यांत त्यांची चूक बुडून जाते.

एका चौकापलीकडे

बायपास किंवा पुलाचा प्रश्न असेल तर चौकाचे मॉडेल पुरत नाही. कोण कुठून कुठे जातो ते हवे. सांगलीला कृष्णा ही आयती छेदरेषा आहे. १९२९ च्या आयर्विन पुलापासून अंकलीच्या पुलापर्यंत नदी ओलांडायच्या सगळ्या जागी एकाच दिवशी मोजा. विचारपूस करून बनवलेल्या प्रवासतक्त्यातून नदी ओलांडणारी जेवढी वाहने निघतात, ती या बेरजेशी जुळली पाहिजेत. नंबरप्लेटवर भिस्त ठेवू नका. एमएच ०९, ११, ५० किंवा केए २३ पाहून कोल्हापूर, सातारा, कराड, चिकोडी असा अंदाज येतो, पण मिरजेत दवाखान्यासाठी आलेली कर्नाटकची गाडी आणि नुसती पुढे जाणारी गाडी प्लेटवर सारखीच दिसते. थांबवून विचारावे लागते, आणि तेही पोलिसांसह, रुंद जागेत, एका वेळी चार-पाचच गाड्या.

सिग्नल सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात मोजू नका, लोक अजून बिचकत असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच खांबांपासून रांगा पुन्हा मोजा. फाइलमध्ये मूळ तक्ते, व्हिडिओ, वापरलेला पीसीयू तक्ता, मॉडेलची आवृत्ती आणि बीजांक ठेवा. मोजणीच्या दिवशी जवळचा कारखाना सुरू होता की बंद, हेही पहिल्याच पानावर लिहा.